पांढऱ्या दोऱ्याचा हार

शहापुरात माणूस गेला, की तेरवीच्या आधी घरातलं कोणीतरी माझ्या दुकानात येतं आणि काउंटरवर सुतळीचा एक तुकडा ठेवतं. फारसं बोलत नाही. ती सुतळी म्हणजे फोटोच्या चौकटीचं माप. ते मागच्या गल्लीत गोदावरीबाईकडे पोचवायचं आणि हार तयार झाला की आणून ठेवायचा, एवढं माझं काम. बांगड्या, फॉल, अस्तर, लेस विकणाऱ्या दुकानात मेलेल्यांची मापं कशाला, असं माझा जावई एकदा म्हणाला होता. मी म्हटलं, बाबा, जिवंतांची मापं घ्यायला टेलर पुष्कळ आहेत. त्यानंतर त्याने विषय काढला नाही.

हे हार पांढऱ्या दोऱ्याचे, क्रोशाच्या सुईनं विणलेले. आपल्याकडे टीव्हीवर टाकायचे रुमाल घरोघरी विणतात, तसलं सपाट काम नव्हे. यातलं प्रत्येक फूल सुटं करायचं. आधी पेन्सिलीवर दोरा गुंडाळून कडी करायची आणि ती मुक्या खांबांनी, म्हणजे बुटक्या टाक्यांनी, भरून टाकायची. मग पाकळ्यांचा एक थर, त्याच्या मागे त्याहून मोठा, त्याच्याही मागे आणखी मोठा. पाकळीच्या पोटातून जाड दोरी चालवायची, म्हणून ती मान टाकत नाही. फुलं झाली की जुन्या लुगड्याच्या पट्टीवर पालथी मांडायची, कच्च्या टाक्यानं धरायची आणि मधल्या जागेत बारीक गाठींची जाळी विणायची. शेवटी कच्चे टाके कापले की हार पट्टीवरून मोकळा होतो. पालथा विणलेला म्हणून त्याला उलटी-सुलटी बाजू असते. उलटीकडूनही तो पांढराच आणि फुलांचाच, नवख्याला फरक कळत नाही. गोदावरीबाईला मात्र लांबून कळायचा आणि सहन व्हायचा नाही. एकदा एका घरी तेराव्याला जेवायला गेली, तिथं हार उलटा दिसला, तर ताटावरून उठून तो आधी सुलटा केला आणि मग पुढचा घास घेतला.

हे काम तिच्याकडे आलं चिखल्याहून. तिचे वडील तिथल्या मँगनीजच्या खाणीत होते आणि ती कॉलनीत वाढली. दवाखान्यात दक्षिणेकडची एक नर्स होती, रोझम्मा. तिनं हे कॉन्व्हेंटमधल्या नन्सकडून शिकून घेतलेलं. आयर्लंड नावाच्या देशात बटाट्याचं पीक सडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायांनी असली फुलं विणून लेकरं जगवली, असं रोझम्मानं तिला सांगितलं होतं. कुठे आयर्लंड आणि कुठे चिखला! पण गोदावरीबाईला ती गोष्ट फार लागली होती. म्हणायची, "उपाशी बायांचं काम हाय हे, शकुन. भरल्या पोटानं जमत नाही." तिचं पोट भरलेलं मीही फारसं पाहिलं नाही.

लग्न होऊन ती शहापुरात सेवकरामकडे आली. थोडी धानाची शेती, एक मुलगा मनिष, एक मुलगी डिंपल. तेव्हा ती ब्लाउजच्या बाहीला, पोरींच्या फ्रॉकच्या गळ्याला फुलं करून द्यायची. मग एका पावसाळ्यात सेवकराम धानाच्या बांधीत साप चावून गेला. फोटोला झेंडूचा हार घातला, तो दोन दिवसांत काळा पडला. दुसरा घातला, तोही पडला. तेव्हा तिनं सुई काढली आणि नवऱ्यासाठी दोऱ्याचा हार केला. तेरवीला आलेल्या बाया जेवायचं सोडून भिंतीकडे बघत होत्या. तिथून जे सुरू झालं ते आजूबाजूच्या सगळ्या गावांत गेलं.

तिचे दोन नियम होते आणि दोन्ही तिचे तिनेच केलेले. एक, गेलेल्याचं नाव विचारायचं नाही. "नाव कळलं की हात आवळते," ती सांगायची, "अन् हात आवळला की फूल आवळते." म्हणून फक्त सुतळी. दुसरा नियम असा, की हे काम विधवेनंच करायचं. तिच्या सपरीत, म्हणजे पुढच्या मोकळ्या खोलीत, दुपारी ज्या चार-पाच जणी विणायला बसायच्या त्या सगळ्या बिनाकुंकवाच्या. मीही त्यातलीच, पण मला कामात गती नाही. मी आपली पाय पसरून गप्पा मारायची. जिचा नवरा जिवंत आहे तिनं मेलेल्याच्या हाराच्या कामाला हात लावला तर तो तिच्या घराकडे वळतो, असं ती म्हणायची. कशावरून म्हणते, असं मी विचारलं की रागवायची.

आता मनिषचं सांगते. वीसच्या साली वैनगंगेला मोठा पूर आला, ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. डिंपल पवनी तालुक्यात कोंढ्याला दिली आहे. तिचा नवरा तुलाराम, त्यांचं एक शेत नदीकाठी. पाणी चढायला लागलं तेव्हा मनिष तिथं गेला होता. काठावरची मोटर काढायला दोघं साळा-भाटवे, म्हणजे मेहुणे-मेहुणे, उतरले. मोटरीपायी माणसं जातात, हे काय नवीन आहे? तरी उतरतात. तुलारामनं पाहिलं ते इतकंच, की मनिषचा हात मोटरीच्या दोरावर होता, मग दोर होता आणि हात नव्हता. पाणी उतरल्यावर लोक खाली लांबपर्यंत हिंडले. काही सापडलं नाही. मनिषच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. बायको रुपा, माहेरी फक्त भाऊ-भावजय. मूल नाही.

गोदावरीबाई रडली नाही. तुलाराम पायाशी पडून रडत होता, त्याला म्हणाली, "तुले काय दिसलं असन बाप्पा पान्यात? पानीच दिसलं असन." बाया गळ्यात पडायला आल्या तर तिनं हात पुढे करून थांबवलं. मेलेलं माणूस सापडतं, नदी काही ठेवून घेत नाही, ज्याअर्थी सापडला नाही त्याअर्थी तो कुठेतरी लागला, असा तिचा हिशेब. पुढे मनिष गेल्याचा सरकारचा कागद यायचा तो आला. तिनं तो वाचूनही पाहिला नाही. मनिषचा लग्नातला फोटो टीव्हीच्या फळीवर होता, तो तिथंच राहिला. भिंतीवर सेवकरामच्या शेजारी दुसरा खिळा होता, त्यावर ती पिशवी अडकवायची.

आणि रुपाचं काय? रुपा सवाष्ण राहिली. मंगळसूत्र गळ्यात, कुंकू कपाळाला. संक्रांतीच्या आधी सासू तिला घेऊन माझ्या दुकानात यायची आणि म्हणायची, "भर शकुन, हिरव्या भर. हात मोकळा दिसून राहिला." मी दुकानदार, बांगड्या भरणं माझा धंदा. पण त्या पोरीच्या हातात बांगडी चढवताना मला तिच्या तोंडाकडे पाहवत नसे. वडाच्या पौर्णिमेला सासू तिला वडाला पाठवायची. ती सूत गुंडाळायची आणि बाकीच्या बाया दोन पावलं सरकून उभ्या राहायच्या. हळदीकुंकवाला तर आणखी वाईट. कुंकवाची डबी घेतलेली बाई तिच्यासमोर येऊन अडायची. लावावं तर वाटायचं हे पाप, न लावावं तर वाटायचं ते पाप. मग कोणीतरी घाईघाईनं तिच्या हातात वाण कोंबायचं. विधवेला निदान कुठं बसायचं ते ठाऊक असतं, रुपाला तेही नव्हतं. मला त्या बायांचा संताप यायचा आणि त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं तेही कळायचं नाही.

फुलांच्या कामाला सासू रुपाला हात लावू द्यायची नाही. पोरगी दुपारी रिकामी बसायची, एकदा तिनं नुसता दोऱ्याचा गुंडा उचलून दिला, तर गोदावरीबाई तिच्या अंगावर ओरडली, "ठेव तो! तुह्या नवरा हाय." सपरीतल्या आम्ही सगळ्याजणी खाली माना घालून बसलो. असं चार वर्षं चाललं.

गेल्या दिवाळीनंतर रुपा एकटी दुकानात आली. फॉल हवा होता म्हणे. फॉल बघता बघता एकदम म्हणाली, "मावशी, एक जागा आली हाय. लाखनीकडची. सचिन म्हनून हाये. त्याची बायको बाळंतपनात गेली, लहान पोरगी हाये त्याले."

"तुह्या मनात काय हाये?" मी विचारलं.

"मले जगायचं हाये, मावशी," ती म्हणाली आणि फॉल तिथंच टाकून रडायला लागली.

मी शटर अर्धं ओढलं आणि तिला रडू दिलं. सासू वाईट नाही, हे तीही म्हणत होती. सासू तिच्या ताटात आधी वाढायची, आजारपणात डोक्याशी बसायची. पण त्या घरात मनिष येणार म्हणून सगळं थांबलेलं आणि रुपा त्या थांबण्याचा पुरावा म्हणून ठेवलेली. हे मी आज बोलते, तेव्हा इतकं स्वच्छ बोलता आलं नव्हतं.

आमच्याकडे दुसऱ्या लग्नाला पाट म्हणतात. त्यात काही लपवण्यासारखं नाही, बापजाद्यांपासून लागत आले आहेत. सचिनकडून बोलणी करायला त्याची आत्या चंद्रकांता कोंढ्याला डिंपलकडे आली. बाई सरळ होती, पण रीतीला चिकट. तिनं विचारलं, फोटोला हार आहे का? डिंपलनं नाही म्हटलं. मग चंद्रकांताबाई म्हणाली, "कपाळाले कुंकू, गळ्यात पोत, अन् फोटोले हार नाही. मंग आम्ही कोनाची बायको आनून राहिलो? सवाष्णीचा पाट लागत नाही, बाई. आधी हार घाला, तोबी मायच्या हातानं. मंग आम्ही येतो."

कागद दाखवला तर तिनं तो बाजूला सारला. तिचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे घरातलं मोठं माणूस फोटोला हार घालतं, तेव्हा गेलेला माणूस गेला असं धरतात. लहानांनी किंवा बायकोनं घातलेला हार मोजत नाहीत.

डिंपल येऊन आईशी बोलली. आई म्हणाली, "तुले भाऊ जड झाला का?" डिंपल भंडाऱ्याहून चंदनाच्या सालीचा तयार हार घेऊन आली, तर गोदावरीबाईनं तो तिच्या हातातून घेतला आणि सरळ चुलीत घातला. घरभर वास सुटला. मी मध्ये बोलायला गेले, तर मला म्हणाली, "तू तुह्यं दुकान पाह्य." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. मी चिडून आठ दिवस तिच्या दारात गेले नाही. मग राहवलं नाही म्हणून गेले.

त्यानंतर पौषात डिंपल दुकानात आली आणि काउंटरवर सुतळी ठेवली. "आमच्या गावचे हायेत," म्हणाली. मी काही विचारलं नाही, विचारायची पद्धतच नव्हती. ती सुतळी मनिषच्या चौकटीची होती. आईला नाव न विचारायची सवय आहे, म्हणून डिंपल आणि रुपानं मिळून हे ठरवलं होतं. मला आधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. बहुतेक दोघींना हाकललं असतं. कदाचित नसतंही.

मी सुतळी नेऊन दिली. गोदावरीबाईनं ती बोटाला गुंडाळून पाहिली आणि दोरा काढून बसली. मी जाता जाता बोलून गेले, "तरना मानूस होता म्हने." डिंपलच्या तोंडून तेवढं निसटलं होतं आणि माझ्या पोटात काही राहत नाही.

तिचा हात थांबला. "कायले सांगतलं?" म्हणाली. मग पेन्सिलीवर दोरा गुंडाळत, "तरना हाय तं पाकळी जराशी उघडी ठेवतो. म्हाताऱ्याचं फूल मिटलं तरी चालते."

तो हार करायला तिला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. एरवी फुलं सगळ्याजणी मिळून करायच्या आणि जोडायची ती. या वेळी तिनं दुसऱ्या कोणाला फूल करू दिलं नाही. मी दुपारी तिच्यासमोर बसायची. मोतीबिंदूचा एक डोळा धुरकट झालेला, तरी सुईचं टोक बरोबर घरात जायचं. तीन थरांच्या पाकळ्या झाल्यावर ती पाठीमागे चौथा थर घालत होती, एवढ्या मोठ्या फुलाची कोणी मागणी केलेली नसताना. मी म्हटलं, बाई, दोरा जास्त लागेल. तर म्हणाली, "लागू दे. कोन्या मायचा लेक असन. तिनं पाह्यलं तं तिले वाटलं पायजे, का कोनीतरी नीट केलं." आज हे आठवलं की मला माझंच तोंड बंद ठेवावंसं वाटतं. तिच्या लेकाचं दुसरं कोणी नीट करत नव्हतं, ते तिच्याच हातून करून घेतलं जात होतं.

हार तयार झाल्यावर तिनं तो नेहमीसारखा पालथा घालून वर्तमानपत्रात गुंडाळला. पाकळ्या दबू नयेत म्हणून ती पालथाच बांधायची. घेणाऱ्याला मी सांगते, की काढल्यावर उलटा करा आणि पाकळ्या बोटानं उघडा. डिंपल आली तेव्हा दुकानात गर्दी होती, सांगायचं राहिलं. आणि गोदावरीबाईच्या घरची सून असून रुपाला ते माहीत नव्हतं. तिला सासूनं कधी शिकू दिलं नव्हतं.

माघात चंद्रकांताबाई आणि सचिन आपली माणसं घेऊन शहापूरला आले. गोदावरीबाईला सांगितलं होतं, डिंपलच्या सासरचे पाहुणे दुपारी जेवायला आहेत. त्या दिवशी ती सकाळीच शेतात लाखोळी उपटायला गेली होती. मला डिंपलनं शेजारची म्हणून बोलावून घेतलं. मी आत पाय टाकला आणि पाहिलं, की दुसऱ्या खिळ्यावरची पिशवी नव्हती. तिथं मनिषचा फोटो होता, फोटोला हार होता आणि हार आमच्या गोदावरीबाईचा होता.

मी डिंपलला स्वयंपाकघरात ओढलं. "बयो, तुले काही लाज? मायच्या हातानं लेकाचा हार करून घेतला?"

"दुसरा कोनता हार तिनं राहू देला असता, मावशी?" डिंपल म्हणाली. "हा तं ती चुलीत घालनार नाही." ती रडत नव्हती, पाहुण्यांसाठी पाण्याचे पेले भरत होती.

पाहुणे सतरंजीवर बसले. सचिन मान खाली घालून होता, बिचारा साधा माणूस. चंद्रकांताबाईनं पाणी घेतलं, भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "हार कोनं घातला?"

"मीनं," रुपा दारातून म्हणाली.

"तू घातलेला आम्ही धरत नाही, बाई. माय कुठं हाये?"

माय दारात उभी होती. डोक्यावर लाखोळीचा भारा, पायाला माती. तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिनं भारा खाली टाकला, पाहुण्यांकडे न बघता सपरी ओलांडून भिंतीशी आली आणि हात वर करून हार खिळ्यावरून काढून घेतला.

डिंपल "आई" म्हणाली. रुपा दाराच्या चौकटीला घट्ट धरून राहिली होती. मी उठले, कारण मला चंदनाचा हार आठवत होता आणि चूल पेटलेली होती. पण ती चुलीकडे गेलीच नाही. हार घेऊन दाराच्या उजेडात गेली, धुरकट डोळा मिटून दुसऱ्यानं पाहिलं आणि अंगठा फुलांवरून फिरवला.

"उलटा हाय," ती म्हणाली.

कोणाशी बोलली नाही, कामाशीच बोलली. तिथंच उंबऱ्यावर टेकली, हार मांडीवर सुलटा केला आणि एकेक फूल बोटांत धरून पाकळ्या उघडायला लागली. आधी आतला थर, मग मधला, मग बाहेरचे. मातीचे हात आहेत हे लक्षात आलं तेव्हा पदराला पुसले आणि पुन्हा सुरू. पाहुणे बसून होते. बाहेर हायवेवर ट्रक जात होते. शेवटचं फूल उघडल्यावर ती उठली, भिंतीशी गेली, हार फोटोला घातला, दोन्ही टोकं सारखी केली आणि प्रत्येक हाराला करते तशी दोन पावलं मागे सरून पाहायला लागली.

तेव्हा तिला फोटो दिसला. आधी दिसला नव्हता असं मी म्हणत नाही. आधी तिचे हात काम करत होते, आता हातांना काम उरलं नव्हतं. तिचा उजवा हात हवेत होता, तो तसाच राहिला.

चंद्रकांताबाई उठली. तिनं फोटोला हात जोडले. मग सचिननं जोडले, मग त्यांच्यातल्या पुरुषांनी. "झालं," चंद्रकांताबाई हळू आवाजात म्हणाली. "मायनं घातला." जेवायला कोणी थांबलं नाही. उन्हाळ्यात पाट लावायचा, एवढं डिंपलला सांगून ती माणसं निघून गेली.

पाहुणे गेल्यावर रुपा येऊन सासूच्या पायांवर कोसळली. "आई, मीनं घातला जी. मीनंच केलं सगळं. मले मारा, पर बोला काहीतरी." गोदावरीबाईनं खाली पाहिलं. मला वाटलं, आता लाथाडते. ती वाकली, रुपाचा हात हातात घेतला आणि हिरव्या बांगड्यांवर बोट फिरवत राहिली.

"तू काहून रडून राहिली?" ती म्हणाली. "तू घातला तो उलटा होता. उलटा घातलेला लागू होत नाही. सुलटा मीनं केला. तुह्या काही दोष नाही, पोरी. मीनं घातला."

"मीनं घातला," असं ती आणखी एकदा म्हणाली, जरा मोठ्यानं. आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. चार वर्षं तो कुठे ठेवला होता, कोण जाणे. ती भिंतीला कपाळ टेकून "माह्या मनिष गा, माह्या बाप्पा गा" करून हंबरडा फोडत होती. डिंपलनं तिला मागून धरलं, मी पुढून धरलं, तरी आम्हा दोघींना ती आवरत नव्हती. मीही रडत होते. माझ्या नवऱ्याच्या वेळी मी इतकी रडले नव्हते.

गल्लीतले लोक धावत आले. बाया चुली तशाच सोडून आल्या, कोणाच्या हाताला पीठ होतं. दुपारी तिच्या सपरीत विणायला बसणाऱ्या सगळ्याजणी आल्या. पुढची एक बाई दारातच थांबली, आत वाकून पाहिलं आणि घाबरून मला विचारलं, "कोन गेलं वो?"

मी म्हटलं, "मनिष."

तो तर चार वर्षांपूर्वीच गेला होता, असं कोणी म्हणालं नाही. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन बसले.